शेकोटीच्या टेबलाचा आकार

वाघोली, पुणे
२९ नोव्हेंबर २०१८

ती. मुक्ताअक्कास,
संभाजीचा सविनय जय भीम.

तुझी तब्येत बरी असेल अशी आशा आहे. गुडघ्याला तेल चोळतेस ना, की बाटली नुसती उशाशी ठेवून तिच्याकडे पाहतेस? दौंडला थंडी पडली असेल. इथे वाघोलीतही पडली आहे असे सर्वांचे म्हणणे आहे. म्हणजे सकाळी फिरायला जाणारी माणसे कानटोप्या घालून निघतात आणि नऊ वाजता घामाघूम होऊन त्या हातात घेऊन परततात. हिरा मजेत आहे. नात दीक्षा दहावीत आहे, म्हणजे तिच्याशी वर्षभर कोणी मोठ्याने बोलायचे नाही असे ठरले आहे. चिरंजीव राकेश आणि सूनबाई चैताली सुखरूप आहेत आणि माझ्या संतापाचे कारणही तेच दोघे आहेत. पत्र का लिहितो आहे ते अगदी शेवटी सांगेन, कारण आधी सांगितले तर तू पुढचे वाचणार नाहीस. (तू मुख्याध्यापिका असताना अर्जाची वरची ओळ आणि खालची सही एवढेच वाचून निकाल द्यायचीस, हे मी विसरलेलो नाही.) फोन केला असता, पण या घरात एका खोलीत फोनवर बोललेले दुसऱ्या खोलीत ऐकू येते आणि तिसऱ्या खोलीत त्यावर मत व्यक्त होते.

तर विषय असा. या रो-हाऊसच्या मागच्या बाजूला फरशी घातलेली जागा आहे, अकरा फूट बाय चौदा फूट. तू पाहिली आहेस. तिथे तू मागच्या उन्हाळ्यात कुरडया वाळत घातल्या होत्यास. तेव्हा तिला आम्ही मागची जागा म्हणत होतो. नंतर राकेश कंपनीच्या कामासाठी वर्षभर डॅलसला राहून आला आणि त्या जागेचा पॅटिओ झाला. जागा तीच, फरशी तीच, टँकरचा पाइप जातो तो कोपराही तोच. पण आता तिथे कुरडया घालायच्या नाहीत, तिथे बसायचे. आणि नुसते बसायचे नाही. मधोमध एक टेबल, टेबलाला मधोमध भोक, भोकात गॅसची शेगडी, शेगडीवर काळे दगड आणि त्या दगडांमधून जाळ. जाळाच्या भोवतीने टेबलाची रुंद कड असते, तिच्यावर आपण कप ठेवायचा आणि गप्पा मारायच्या. याला फायर पिट टेबल म्हणतात. मी त्याला शेकोटीचे टेबल म्हणालो, तर चैताली म्हणाली, "बाबा, शेकोटी वेगळी." वेगळी आहेच. शेकोटीला पालापाचोळा फुकट मिळतो आणि तिचा आकार ठरवायला बैठक बोलवावी लागत नाही. ज्या वाघोलीत आम्ही पाणी टँकरने विकत घेतो, तिथे आता आगही विकत घेणार आहोत.

पण माझा राग टेबलावर नाही, हे आधीच स्पष्ट करतो. टेबल करा, दोन करा. माझा राग एवढ्यासाठी आहे की त्या टेबलाचा आकार काय असावा हे या घरात सर्वांना विचारण्यात आले आणि मला विचारण्यात आले नाही. अक्का, मी पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षे आरेखक होतो. कालव्याच्या वळणापासून विश्रामगृहाच्या बागेतल्या बाकापर्यंत सर्व काही माझ्या बोर्डावरून गेले. अभियंते आले आणि बदलून गेले, नकाशाच्या उजव्या कोपऱ्यात खाली "आरेखक: सं. भि. ओव्हाळ" हे मात्र कायम राहिले. (एका साहेबांनी ते काढून स्वतःचे नाव मोठ्या अक्षरात टाकायला सांगितले होते, मी टाकले, आणि माझे त्याच्याखाली तितक्याच मोठ्या अक्षरात टाकले.) निवृत्त झाल्यापासून या घरासाठी मी एक रेघ ओढलेली नाही. बोर्ड कपाटामागे उभा आहे, त्याच्यावर इस्त्रीचे कपडे टाकतात. आता घरात पहिल्यांदाच अशी वस्तू होते आहे की जिला नकाशा लागतो. तो नकाशा मला काढायचा आहे. दुसरे काही मागणे नाही.

आणि आकार कसा ठरवतात ते ऐक. व्हॉट्सअॅपवर मतदान घेऊन! आमच्या घराचा एक ग्रुप आहे, त्याच्यावर मी रोज सकाळी सुविचार टाकतो आणि त्याला हिराशिवाय कोणी अंगठा दाखवत नाही. मला वाटले मतदान तिथे असेल. तर नाही. टेबलासाठी "पॅटिओ" नावाचा वेगळा ग्रुप काढला आहे आणि त्यात मी सोडून घरातले सर्व आहेत. हिरासुद्धा आहे! मला हे दीक्षाच्या तोंडून चुकून कळले. मी विचारले तर राकेश म्हणाला, "अहो बाबा, तुम्हाला उगाच त्रास नको म्हणून." म्हणजे मला त्रास होऊ नये म्हणून मला वगळले. इतकी काळजी खात्याने माझी बढती रोखतानाही घेतली नव्हती.

मतदानाला चार आकार उभे होते: गोल, चौरस, आयत आणि षटकोन. चैतालीचे मत गोलाला. ती कंपनीत माणसांच्या विभागात आहे. माणसांना वर्तुळात बसवून त्यांच्याकडून मन मोकळे करून घेणे हा तिचा रोजचा उद्योग. गोल टेबलाला सर्वांना सर्वांचे चेहरे दिसतात, असे तिचे म्हणणे. (मला सर्वांचे चेहरे जेवताना दिसतात, तेवढे पुरेसे आहेत.) दीक्षाचे मतही गोलाला, कारण फोटो चांगला येतो. राकेशला षटकोन हवा होता, कारण डॅलसला त्याच्या मॅनेजरकडे षटकोन होता. मी म्हणालो, सहा बाजू आहेत आणि घरात माणसे पाच, सहावी बाजू कोणासाठी? तर म्हणाला, "गेस्ट." गेस्ट! नगर रस्त्याची गर्दी पार करून आमच्याकडे कोण येते? तू आलीस ती दौंडहून दीड तासात विमाननगरपर्यंत पोचलीस आणि तिथून इथे यायला दोन तास लागले. हिराला विचारले तर ती म्हणाली, "आकार कोणताही करा, पुसायला सोपा करा." तिने मत कोणाला दिले ते ती सांगत नाही. गुप्त मतदान आहे म्हणे.

माझे मत विचारशील तर (तूही विचारलेले नाहीस, पण पत्र माझे आहे) आयत. पाच फूट बाय अडीच फूट, लांब बाजू भिंतीला समांतर. गोल टेबल त्या जागेत ठेवले की चार कोपरे वाया जातात आणि त्यांत कोण काय ठेवणार ते मला आत्ताच दिसते आहे: मोडकी सायकल, रिकाम्या कुंड्या आणि जुना कूलर. गोलाला सुरुवात नाही, शेवट नाही. कोणी कुठे बसायचे ते कळत नाही आणि पहिल्यांदा आलेला पाहुणा त्याच्याभोवती फिरतच राहतो. गोल टेबलाशी सर्वांना सारखी ऊब मिळते, असे चैताली म्हणते. तत्त्व म्हणून मला ते मान्य आहे. समता म्हणून तर फारच मान्य आहे, आपल्या घरात कोणाला अमान्य असेल? पण समता फरशीवर बसवायची तर मापे लागतात. ती मापे कोणी घेतली का? नाही. घरात मोजपट्टी एकच आहे, ती माझ्या ट्रंकेत आहे आणि ट्रंकेची किल्ली माझ्या जानव्याला नाही, आपल्यात ते नसते, म्हणून ती माझ्या करदोट्याला आहे.

मी हातावर हात ठेवून बसलो असेही नाही. मागच्या शनिवारी सर्व जण बाहेर गेल्यावर मी जुनी वर्तमानपत्रे चिकटवून पाच फूट बाय अडीच फुटांचा आयत तयार केला आणि मागे फरशीवर बरोबर जागेवर अंथरला. खात्यात आम्ही असेच करायचो. साहेबाला कागदावर कळत नसेल तर जमिनीवर खऱ्या मापाने मांडून दाखवायचे. चारी कोपऱ्यांवर विटांचे तुकडे ठेवले, भोवती पाच खुर्च्या मांडल्या, आणि आत येऊन काही केलेच नाही असा चेहरा करून बसलो. तेवढ्यात यमुनाबाई आल्या. (या आमच्याकडे झाडू-फरशीला येतात, या घरात माझ्यापेक्षा त्यांचा शब्द अधिक चालतो.) त्यांनी विटा बाजूला केल्या, माझ्या आयताची आठ पदरी घडी घातली आणि माळ्यावर ठेवून दिली. वर मला म्हणाल्या, "साहेब, रद्दी अशी उन्हात पसरू नका, पिवळी पडते." राकेश आला तेव्हा फरशीवर पाच खुर्च्या होत्या आणि मधे काहीच नव्हते. तो म्हणाला, "बाबा, मीटिंग आहे का तुमची?"

रविवारी चैतालीने गोलाचे प्रात्यक्षिक केले. तिला गोल काहीतरी हवे होते, तर तिने काय काढले असेल? दीक्षा लहान असताना घेतलेला रबरी तलाव! हवा भरायचा, निळा, आणि चारी बाजूंनी पिवळी बदके काढलेली. राकेशने तो तोंडाने फुगवला. (षटकोनाचा माणूस, पण फुगवताना निम्म्यात असतानाच त्याचे मत गोलाकडे झुकले, हे मी पाहिले.) मग त्या तलावाच्या मधोमध आगीच्या ऐवजी स्टीलचा डबा ठेवून सर्व जण भोवती खुर्च्या टाकून बसले. हातात कप, आणि कप ठेवायला कड नाही, कारण कडेत हवा! माझी बायको, निवृत्त सरकारी नोकराची बायको, बदकांच्या तलावाकडे पाहत चहा पीत होती आणि हसत होती. सर्वांना सर्वांचे चेहरे दिसत होते, हे कबूल केले पाहिजे. मी दारात उभा होतो. मला "या ना बाबा" म्हणाले, पण खुर्च्या चारच होत्या. पाचवी मी स्वतःच आत नेऊन ठेवली होती, आणि आता ती उचलून आणणे मला कमीपणाचे वाटले. एवढ्यात शेजारचे श्रीनिवास भिंतीवरून डोकावले. ते बँकेतून निवृत्त आहेत आणि डोकावणे हेच आता त्यांचे काम आहे. त्यांनी ते सर्व दृश्य नीट पाहून घेतले आणि मलाच विचारले, "ओव्हाळसाहेब, पाणी कधी सोडताय?" चौतीस वर्षे पाटबंधारे खात्यात घालवलेल्या माणसाला हा प्रश्न! मी आत निघून गेलो.

पण हे सर्व मी गिळले असते. जे गिळता येत नाही ते त्याच दुपारी झाले. टेबल करून घ्यायचे म्हणून राकेश नगर रस्त्यावर हुसेनभाईंच्या वर्कशॉपमध्ये गेला. मला बरोबर घेतले. मला बरे वाटले, तर कळले की गाडी रस्त्यावर लावावी लागते आणि आत कोणीतरी बसलेले असले की ती उचलून नेत नाहीत. मी दोन मिनिटे बसलो आणि उतरलो. नेऊ देत गाडी. हुसेनभाई माझ्याच वयाचे, तीन पिढ्यांचे पुण्याचे, लोखंडकामात त्यांचा हात धरणारा त्या रस्त्यावर कोणी नाही. राकेशने त्यांना मोबाइलवर फोटो दाखवले. त्यांनी चष्मा वर करून पाहिले आणि म्हणाले, "आकार काय पण सांगा, लोखंड वाकतं. पण सिलिंडर कुठं बसणार? दार उघडलं तर खुर्चीला लागणार का? फोटो बघून मी खिडकीचा गजपण कापत नाही. ड्रॉइंग आणा."

अक्का, मला त्या माणसाला मिठी मारावीशी वाटली. मी उभा होतो तिथेच, राकेशपासून हातभर अंतरावर. राकेशने माझ्याकडे पाहिले. मला भास झाला म्हणशील, तर नाही; त्याने नीट माझ्याकडे पाहिले. आता तो म्हणणार, "बाबा काढतील." माझ्या शर्टाच्या खिशात पेन्सिल होती (एच, टोक केलेली, अजून बाळगतो). आणि त्याने मान फिरवली आणि हुसेनभाईंना म्हणाला, "ऑफिसमध्ये एक जण आहे, त्याच्याकडून करून आणतो." घरी आल्यावर मला राग आला होता असे मी हिराला सांगितले, पण राग नंतर आला. आधी फार वाईट वाटले. ज्या पोराला मी त्याच बोर्डावर बसवून भूमितीचे प्रमेय शिकवले, त्याला परक्या माणसाच्या दुकानात आपला बाप आरेखक होता हे आठवू नये?

ऑफिसमधल्या एकाने जे काढले ते मंगळवारी आले. रंगीत! त्याला थ्रीडी म्हणतात. चित्रात गोल टेबल होते, जाळ होता, आणि भोवती स्वेटर घातलेली चार गोरी माणसे हसत बसली होती. ती कोण आणि आमच्या पॅटिओत का, याचा खुलासा नव्हता. मागे देवदार वृक्ष होता. आमच्या मागे श्रीनिवास आहेत. स्वयंपाकघराचे दार बाहेर उघडते, ते चित्रातल्या एका गोऱ्या बाईच्या पाठीत बसले असते. सिलिंडरला जागा नाही, गॅसच्या नळीला वाट नाही, हवा जायला टेबलाच्या अंगाला झरोके नाहीत, उत्तर दिशा नाही, आणि सबंध चित्रात माप म्हणून एक आकडा नाही! मी त्यातल्या चौदा चुका लाल पेन्सिलीने एका कागदावर लिहून तो फ्रिजवर लावला. दुसऱ्या दिवशी त्याच्यावर दुधाची पिशवी जास्त घ्यायची चिठ्ठी लावलेली होती. काल हुसेनभाईंनी ते चित्र परत पाठवले. "फोटो चांगला आला," एवढाच निरोप. आता त्यांनी आठ तारखेपर्यंत मुदत दिली आहे, पुढे त्यांच्याकडे लग्नसराईतल्या मांडवांचे काम आहे. आठपर्यंत मापांचा नकाशा गेला नाही तर टेबल राहिले. तरीही मला कोणी विचारलेले नाही. सकाळपासून मी मोजपट्टी घेऊन तीनदा राकेशसमोरून गेलो.

असो. तुझ्या शेजारच्या मथुराबाईंना माझा जय भीम सांग आणि त्यांच्या नातवंडांना आशीर्वाद. थंडीत पहाटे अंगणात बसत जाऊ नकोस. उत्तर पत्रानेच पाठव.

तुझा धाकटा भाऊ,
संभाजी

ता. क. आता कारण. राकेशने अकरावी-बारावी तुझ्याकडे राहून केली, अजूनही तुझा फोन आला की तो खुर्चीवरून उठून बोलतो. तू त्याला फोन करून एवढेच सांग की टेबल आयताकृतीच करायचे आणि नकाशा बाबांकडूनच घ्यायचा. आयत का, असे विचारले तर कोपऱ्यांचे सांग. मी लिहिले आहे हे सांगू नकोस.

ता. क. २. तुझ्याशी कधी खोटे बोललो नाही, म्हणून लिहितो. या पत्राचे अक्षर पाहून तुझ्या लक्षात आलेच असेल. वर्ष झाले, माझा उजवा हात कापतो. डॉक्टरला दाखवले; वयाचे आहे, घाबरण्यासारखे नाही म्हणाला. पट्टी घट्ट धरली की सरळ रेघ अजून बरोबर येते, म्हणून आयत मी काढू शकतो. गोल मात्र मिटत नाही. कंपासचा पाय घसरतो आणि रेघ निघाली तिथे परत येत नाही. मागच्या आठवड्यात खोलीचे दार लावून अकरा वेळा काढून पाहिले. गोलाबद्दल वर जे लिहिले आहे ते तसे फारसे खरे नाही. कोपरे वाया गेले तरी चालतात. घरात कोणाला हाताचे माहीत नाही, कळूही द्यायचे नाही. हा कागद वाचून फाडून टाक.

अक्का, सप्रेम जय भीम. मी हिरा. पत्र पेटीत टाकायला ह्यांनी माझ्याकडे दिलं. पाकीट नीट चिकटलं नव्हतं, म्हणून वाचलं. (चिकटलं होतं.) हाताचं या घरात सगळ्यांना माहीत आहे, यमुनाबाईंनासुद्धा. आपल्याला चहा वर्षभर अर्धाच कप का मिळतो, असं ह्यांच्या कधी मनात आलं नाही. राकेशने दुकानात विचारलं नाही ते त्यासाठीच. चारचौघांत ह्यांना नाही म्हणावं लागू नये म्हणून. घरी आल्यावर माझ्याजवळ येऊन बसला, म्हणाला, आई, मला बाबांकडूनच हवा होता गं नकाशा. हे तिकडे रुसलेले, तो इकडे गप्प, आणि दोघांची तोंडं मी बघायची. तुम्ही फोन कराच, नकाशा बाबांनीच काढायचा असं सांगाच, पण आयत सांगू नका. गोल सांगा. गोल काढायला खिळा आणि सुतळी पुरते, हे मला न शिकता कळतं. आयत ठरला तर हे पुन्हा दार लावून एकटेच रेघा ओढत बसतील. गोल ठरला तर सुतळीचं दुसरं टोक धरायला ह्यांना कोणाला तरी हाक मारावीच लागेल.